गोळी दुसऱ्याची, दुखणं आपलं

बाळापूरच्या माझ्या भावाबहिणींनो,

दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा मी. दोन वर्षांपूर्वी सायटिका सुरू झाली. कमरेपासून घोट्यापर्यंत करंट लागल्यासारखी कळ. सजद्यातून उठता येईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी प्रेगाबालिन लिहून दिली. काही दिवसांत आराम पडला.

ते ऐकून शेजारच्या खाला आल्या. त्यांचाही पाय दुखायचा. अम्मीने अर्धी स्ट्रिप दिली. मी समोर होतो, गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी खाला पहाटे वजूला उठल्या, चक्कर येऊन पडल्या, मनगट मोडलं.

मग मी वाचायला बसलो. चक्कर, झोप हे या गोळीचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. ती किडनीवाटे बाहेर पडते. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो. ऑस्ट्रेलियात 209 सायटिका रुग्णांवर झालेली चाचणी 2017 साली छापून आली. प्रेगाबालिन आणि औषध नसलेली गोळी, दोन्हींत पायाच्या दुखण्यात खास फरक दिसला नाही. चक्कर मात्र प्रेगाबालिनवाल्यांना जास्त आली. सायटिका बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माझी कदाचित तशीच ओसरली असेल. डॉक्टरांना विचारलं; त्यांनी गोळी एकदम न थांबवता हळूहळू बंद केली.

शेजाऱ्याचा हक्क मोठा आहे. तो गोळी देऊन नाही, दवाखान्यात सोबत जाऊन अदा करा. आजाऱ्याला बसून नमाज पढायची सवलत आहे. उभं राहण्यासाठी दुसऱ्याची गोळी खाऊ नका.