प्लीहेचा प्रतिध्वनि

डाव्या बरगड्यांच्या आड दडलेली प्लीहा, म्हणजेच पाणथरी, निरोगी स्थितींत सहसा हाताला लागत नाहीं. सुमारें १५० ग्रॅम वजनाचें हें इंद्रिय रक्ताची गाळणी होय. लिंफोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, तेथें घर करूं शकतो. पण तो तेथें शिरला आहे कीं नाहीं हें ओळखावें कसें? १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हॉजकिन-रोग्याचें पोट उघडून प्लीहाच काढावयाची व सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावयाची, अशी चाल पडली. रोगाची व्याप्ति कळे खरी. परंतु प्लीहा गेलेल्या माणसास जंतुसंसर्गाचें भय जन्मभर राही. ज्ञानाची ही किंमत भारीच म्हणावयाची! त्या शस्त्रक्रियांतून एक विलक्षण गोष्ट मात्र उघड झाली. बेताच्या आकाराची प्लीहाही आंतून रोगग्रस्त असूं शकते, आणि वाढलेली प्लीहा निर्दोष निघूं शकते.

१९५८ सालीं ग्लासगोच्या डॉ. इयन डोनल्ड यांनीं पोटांतील गांठींवर ध्वनिलहरींचे प्रयोग प्रसिद्ध केले. धातूंतील चिरा शोधण्याचें यंत्र त्यांनीं या कामीं लाविलें होतें. आजच्या सोनोग्राफींत पोटासाठीं सेकंदास साधारण २० ते ५० लक्ष कंपनांचा, कानास न ऐकूं येणारा ध्वनि वापरतात. निरोगी प्लीहेंतून तो सर्वत्र सारखा परततो, म्हणून पडद्यावर एकसारखी करडी छटा उमटते. लिंफोमाच्या गांठींत एकाच जातीच्या पेशी दाटीनें भरलेल्या असतात. ध्वनि परतविणारे पृष्ठभाग थोडे, म्हणून गांठ काळसर दिसते. कधीं बारीक दाणे, कधीं मोठा गोळा, तर कधीं गांठ एकही नाहीं, नुसती प्लीहा वाढलेली.

वैद्याची खरी कसोटी या शेवटच्या प्रकारांत लागते. लांबी १३ सेंटिमीटरांहून अधिक भरली कीं प्लीहा वाढली असें समजतात. पण हिवताप, काळा आजार व यकृताचें काठिण्य यांतही ती वाढतेच. तेव्हां अहवालांतील एवढ्याशा शब्दानें घरांत रडारड होणें व्यर्थ होय.

गांठ संशयास्पद दिसल्यास शिरेंतून अतिसूक्ष्म वायुबुडबुडे सोडतात. निरोगी प्लीहा ते कांहीं मिनिटें धरून ठेवते. लिंफोमाच्या गांठींतून ते बहुधा लवकर ओसरतात व ती अधिकच काळी दिसूं लागते. तरीही रोगाचें नांव ध्वनि सांगत नाहीं. त्यासाठीं पेशी हव्यात. मानेंत वा कांखेंत सुजलेली ग्रंथि असेल तर तुकडा तेथूनच घेणें सोईचें. नसेल तर सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत बारीक सुई प्लीहेंतील गांठींत नेतात. रक्तस्रावाचा धोका असल्यानें रक्त गोठण्याची तपासणी आधीं करतात, आणि सुई काढल्यावर रोग्यास कांहीं तास निजवून त्याच्या नाडीवर लक्ष ठेवितात.