जुना संगणक भंगारात देण्याआधी



परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड... आपल्याकडच्या अभ्यासिकांत, मदरशांत, मशिदीच्या ऑफिसांत दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक पडून आहेत. बटण दाबून चहा पिऊन आलं तरी स्क्रीन उघडलेली नसते. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आली की मुली ताटकळतात आणि शेवटी नेट कॅफेला पैसे मोजतात. कमिटी म्हणते, "पैसे जमले की नवा घेऊ." पैसे काही जमत नाहीत.

माझं म्हणणं, आधी डबा उघडून बघा. बहुतेक वेळा गाडी हार्ड डिस्कपाशी अडते. तिची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० ची असली तरी हवी ती जागा समोर यायला सरासरी ४ मिलिसेकंद जातात. शिवाय वाचणारा दांडा सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली वाचते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे तेच काम मिलिसेकंदाच्या एखाद्या दशांशात होतं.

डब्यातली केबल बघा. बोटभर रुंदीची असेल तर ती साटा. अडीच इंची एसएसडी बसेल. रुंद पट्टीसारखी असेल तर मशीन फारच जुनं, त्यावर खर्च करू नका.

मग सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि उघडून तपासा. जुनी डिस्क धडधाकट असेल तर जशीच्या तशी क्लोन करा. टकटक आवाज येत असेल तर फक्त कागदपत्रं वाचवा, सिस्टीम नव्याने टाका. बॅकअप मात्र हार्ड डिस्कवरच असू द्या. एसएसडी फार काळ विजेशिवाय पडून राहिली तर डेटा जाऊ शकतो.

एसएसडीने सगळंच सुटत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अशा जुन्या मशीनला सहसा चालत नाही. तिथे लिनक्स टाका. फुकट आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात.

आता महत्त्वाचं. काढलेल्या डिस्कवर लोकांचे आधार, रेशन कार्ड, पासबुक, वक्फचे कागद असतात. नुसतं डिलीट केल्याने ते पुसले जात नाहीत. ही अमानत आहे. पूर्ण डिस्कवर नवा डेटा लिहून ती पुसा. चालतच नसेल तर तबकडी फोडा. तोवर भंगारवाल्याच्या हातात देऊ नका.

आणि एक विनंती. हे काम एकाच भाईजानच्या भरवशावर सोडू नका. ज्या मुली रोज त्या मशीनवर फॉर्म भरतात, स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हाती द्या, पासवर्डही त्यांना कळू द्या. भाईजान उद्या पुण्याला नोकरीला गेला तरी अभ्यासिका बंद पडता कामा नये.