आंगेचं घर

गटाच्या बैठकीत तुम्ही मला कायम हप्ता, व्याज, रजिस्टर यावरच बोलताना ऐकता. आज जरा लहानपणीचं सांगते. पैशाचा विषय त्यातही येणारच आहे म्हणा.

माझे पप्पा फौजेत होते. १९९७ साली त्यांची बदली भूतानला झाली. तिथल्या सैन्याला शिकवण्यासाठी आपल्या लष्कराचं एक पथक १९६२ पासून तिथं आहे. ज्या खोऱ्यात ते आहे त्याचं नाव ‘हा’. आजी विचारायची, “कुठं चाललाय?” आम्ही म्हणायचो, “हाला.” तिला वाटायचं पोरं चेष्टा करतात.

मी नऊ वर्षांची, दादा बारा वर्षांचा. न्यू जलपायगुडीपर्यंत रेल्वे, पुढं लष्कराची गाडी. जयगाव संपतं तिथं एक रंगीत कमान. कमानीच्या अलीकडं भारत, पलीकडं भूतान. आपल्या माणसांना पासपोर्ट लागत नाही, आपला रुपयाही चालतो. मला वाटलं, परदेश परदेश म्हणतात तो एवढाच? मग गाडी घाट चढायला लागली आणि चढतच राहिली. आपलं कळसूबाई १६४६ मीटर; हाचं खोरं साधारण २७०० मीटरवर. हिवाळ्यात बादलीतलं पाणी गोठायचं. आई क्वार्टरमधल्या बुखारीजवळ बसून भाकरी थापायची, आणि पीठ संपत आलं की रडकुंडीला यायची.

टीव्ही नव्हता. आमच्याकडंच नव्हता असं नाही, त्या देशातच १९९९ साली आला, आम्ही परतायच्या वर्षी. त्यामुळं संध्याकाळी आम्ही जायचो आंगेकडं. आंगे म्हणजे तिकडं आजी. कॅम्पाच्या कुंपणामागं तिचं घर होतं, आई तिच्याकडून दूध घ्यायची. घर मातीच्या जाड भिंतींचं, वर लाकडी, छपरावर लालभडक मिरच्या वाळत घातलेल्या. तिकडं मिरची ही भाजी. चीजमध्ये शिजवतात आणि लाल भाताबरोबर खातात. आई खर्डा खाणारी बाई, पण पहिल्या घासाला तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. आंगे हसून हसून लोळायची बाकी राहिली.

आंगेचं हिंदी मोडकं, आईचंही मोडकंच, म्हणून दोघींचं छान जमायचं. बटाटे, सफरचंदं, गायी, सगळा कारभार आंगेचा. घरात एक जावई होता. आईला वाटलं, पाहुणा आलाय. महिना झाला तरी पाहुणा जाईना! मग कळलं, तो तिथंच राहतो. आमच्याकडं घरजावई म्हटलं की माणूस मान खाली घालतो. हा मजेत लाकडं फोडायचा.

आईनं एकदा विचारलं, घर कुणाचं? आंगे म्हणाली, “माझ्या आईचं होतं, आता माझं, मग माझ्या मुलीचं.” पश्चिम भूतानात अशीच रीत. कायदा मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा देतो, पण घर-जमीन बहुतेक मुलीकडं जाते, आणि म्हाताऱ्या आईबापांना सांभाळायची जबाबदारीही तिच्याच गळ्यात. मग तिनं आईला उलट विचारलं, “तुझ्या आईनं तुला काय दिलं?” आई म्हणाली, “काही नाही, सगळं भावाला.” आंगेनं आईचा हात धरला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “का? तू काय चूक केली होतीस?”

आईनं उत्तर दिलं नाही. घरी येताना वाटेत एक शब्द बोलली नाही.

तिकडं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. आंगेची मुलगी आपल्या बायांइतकीच राबायची. घर तिला सांभाळायचं म्हणून तिची शाळा लवकर सुटली होती.

आम्ही गावी परतलो. दोन वर्षांनी आजोबा गेले. दोन्ही आत्यांना तालुक्याला नेऊन हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या, आणि येताना एकेक साडी घेऊन दिली. आई त्या दिवशी चुलीपुढं पुटपुटली, “यांनी काय चूक केली होती?” मला एकटीलाच ऐकू गेलं.

गेल्या वर्षी पप्पा गेले. तेराव्यानंतर दादानं कागद माझ्यापुढं ठेवला. मी गावोगाव सांगत फिरते की वडिलांच्या वाट्यात मुलीचा हक्क आहे, २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत तो जन्मापासून आहे, वडील तेव्हा हयात असोत नसोत असं २०२० साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय. आणि माझ्याच हातात पेन आलं तेव्हा खरं सांगते, मी सही करणार होते. माहेर तुटेल ही भीती मलाही आहे.

आईनं कागद उचलून फडताळात ठेवला. म्हणाली, “तलाठ्याकडं वारसनोंद घाल. तिघांची नावं लिही.”

दादा चार महिने बोलला नाही. रक्षाबंधनाला मी गेले, त्यानं हात पुढं केला, पण वर बघितलं नाही. परवा मात्र त्याच्या पोराबरोबर घेवड्याची पिशवी पाठवली. सातबाऱ्यावर तीन नावं आलीत. शेत तोच कसतो. कागद अजून आईच्या फडताळातच आहे, कोरा.