परमुलखात निघालेल्या बाईचे हक्क



वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे इथल्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. स्त्रियांची तस्करी थांबवणं आणि स्थलांतरित स्त्रियांचे हक्क जपणं ही एकाच लढ्याची कामं आहेत. तरी धोरण आखताना तस्करीच्या भीतीपायी हक्कांचा बळी जातो. आज मला बोलायचं आहे ते यावरच.

स्त्रियांच्या प्रश्नासाठी जगाकडे दाद मागणं आपल्याला नवं नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या, ठिकठिकाणी व्याख्यानं दिली आणि १८८७ मध्ये त्यांच्या कामासाठी बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. त्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या. आपला वर्धा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. भुकेल्या मुलींना फूस लावणारी माणसं त्यांनी पाहिली, त्याविषयी लिहिलं आणि शेकडो मुलींना सोबत नेलं. पुढे त्यांना शिकवलं, हाताला काम दिलं. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण आपण सुटकेपाशीच थांबतो.

जागतिक कायदाही तिथेच अडखळतो. संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविरोधी पालेर्मो करार १५ नोव्हेंबर २००० रोजी मंजूर झाला आणि भारतानं तो २०११ मध्ये स्वीकारला. बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे, हे त्यानं मान्य केलं. सक्तीची मजुरीही त्यानं शोषणात धरली. पण त्याची भाषा बघा: गुन्हेगाराला शिक्षा देण्याचं कलम बंधनकारक, आणि पीडितेला आसरा, औषधपाणी देण्याचं कलम मात्र 'विचार करावा' इतकंच. कराराच्या व्हिएन्नातल्या वाटाघाटींत स्त्री-संघटनांनी हे बदलण्यासाठी जीव तोडून प्रयत्न केले. ते पुरते फळले नाहीत.

आपल्या दंडविधानात २०१३ मध्ये तस्करीची नवी व्याख्या आली. तिच्यात सक्तीच्या मजुरीचा स्पष्ट उल्लेख नव्हता. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. याची झळ कोणाला लागते? ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती नवऱ्याच्या हाती, आणि जोडप्याची गणती होते 'एक कोयता' म्हणून. तिची मजुरी तिच्या नावावर कुठेच नाही. एक दिवस, अगदी पाळीतही, कामावर गेली नाही तर खाडा, म्हणजे दंड. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायांची संख्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक निघाली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. त्यांना कोणी गाडीत कोंडून नेलं नव्हतं. म्हणूनच तस्करीच्या फायलीत त्यांचं नाव येत नाही. पण किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं ही संविधानाच्या २३ व्या कलमाखालची सक्तीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं होतं.

दुसऱ्या टोकाला वेश्यावस्त्यांवरच्या धाडी आहेत. देहविक्री करणाऱ्या बायांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या सांगलीच्या 'संग्राम' आणि 'वॅम्प' या संस्था वर्षानुवर्षं सांगत आल्या की, सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध उचलून सुधारगृहात कोंडणं म्हणजे सुटका नव्हे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तिच्या सन्मानाच्या बाजूनं निर्देश दिले. अल्पवयीन मुलीची गोष्ट वेगळी. तिथे संमतीचा प्रश्नच येत नाही, आणि तिथे आपण क्षणभरही कचरता कामा नये.

वर्धा जंक्शनवरून एक लाइन मुंबईला, एक हावड्याकडे, एक बल्लारशाहकडे जाते. बाया कामाला जाणारच. त्यांना अडवण्याची भाषा मला मान्य नाही. त्याऐवजी कामासाठी बाहेर निघणाऱ्या बाईची नोंद ग्रामपंचायतीत तिच्या इच्छेनं व्हावी, ठेकेदाराचं नाव-पत्ता तिच्याकडे लेखी असावा, उचल आणि मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात पडावी, आणि रेशनचं धान्य तिला कामाच्या गावीही विनाअडथळा मिळावं. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा जागतिक करार १८ डिसेंबर १९९० रोजी झाला. भारत अजून त्यात सामील नाही. या परिषदेनं आजच ठराव करून, भारतानं त्यात सामील व्हावं ही मागणी दिल्लीला पाठवावी, असा प्रस्ताव मी अध्यक्षपदावरून मांडते.