लेकीचे पाकीट



आज एक चूक कबूल करावयाची आहे. माझी मुलगी पंधराव्या वर्षी गोष्टी लिहीत असे. मासिकातला पत्ता पाहून अमरावतीच्या एका मुलीशी तिचा पत्रव्यवहार जुळला. दोघींनी एकमेकींना पाहिलेही नव्हते. एके दिवशी पोस्टमनने दिलेले पाकीट मी गुपचूप फोडले. आईच्या पोटातली भीती, दुसरे काय! आत लेकीच्या गोष्टीवर चार पाने होती : "शेवट घाईत उरकलास, पुन्हा लिही." आमच्या घरात ती गोष्ट कोणी वाचलीच नव्हती!

जी. ए. कुलकर्णी धारवाडला, सुनीताबाई देशपांडे मुंबई-पुण्याला. त्यांचाही स्नेह मुख्यतः पत्रांतूनच वाढला. सुनीताबाईंची ती पत्रे २००३ साली 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आली. लिहिणाऱ्याला असे एक माणूस लागतेच.

आता पांढरकवड्यातही पाकिटाची जागा मोबाईलने घेतली आहे. मुलगी कोणाशी बोलते हे जरूर विचारा, चौकशीही करा. पण चोरून वाचू नका. आधी म्हणा, "बाळ, तुझी गोष्ट मला वाचून दाखव."

मी हे फार उशिरा म्हटले. तरी तिने वाचून दाखविली, हा तिचा मोठेपणा.