पद, वतन आणि विश्वस्त

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेला प्रवासी मळवली स्थानक येण्यापूर्वी डावीकडे पाहतो, तेव्हा त्याला कार्ल्याचा डोंगर दिसतो. तेथील चैत्यगृहाची भव्यता सर्वांच्या परिचयाची आहे. पण त्याच्या भिंतींवर कोरलेले ब्राह्मी लेख थांबून वाचणारे विरळाच. त्यांतील एका लेखात सातवाहन राजाने ‘मामाड’ येथील अमात्याला आज्ञा केली आहे. मामाड म्हणजे आजचे मावळ. या खोऱ्यातील शासकीय अधिकाऱ्याचा इतका जुना उल्लेख अन्यत्र सहसा सापडत नाही. एका गावाचे उत्पन्न भिक्षुसंघाला द्यावे, असा हुकूम अमात्याला सोडलेला आहे. अमात्य हा राजाने नेमलेला माणूस होता. आज येथे असेल, उद्या दुसरीकडे. नाशिकच्या लेण्यांतील लेख ही गोष्ट अधिक स्पष्ट करतात. गोवर्धन येथील अमात्य म्हणून गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या वर्षी विष्णुपालिताचे नाव येते, तर चोविसाव्या वर्षी श्यामकाचे. सहा वर्षांत अधिकारी बदललेला आहे!

त्याच कार्ल्यात दुसराही एक लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षी महारठी सोमदेवाने वलूरक संघाला एक गाव दिले. सोमदेव स्वतःची ओळख करून देतो ती अशी की, तो महारठी मित्रदेवाचा पुत्र. बापही महारठी, लेकही महारठी. राजाज्ञेने येणारे पद आणि रक्ताने येणारे पद या दोन्हींची साक्ष एकाच डोंगरावर कोरलेली आहे. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षे या दोन्ही परंपरा मावळात शेजारी-शेजारी नांदल्या, आणि बहुतेक वेळा दुसरीने पहिलीवर मात केली.

मध्ययुगात या दुसऱ्या परंपरेला ‘वतन’ हे नाव मिळाले. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा प्रत्येक खोऱ्याला देशमुख आणि देशपांडे; प्रत्येक गावाला पाटील आणि कुलकर्णी. राज्य निजामशाहीचे असो की आदिलशाहीचे, वतनदार तोच. वतनाची वाटणी होई, ते गहाण पडे, विकलेही जाई. आणि तंटा उपस्थित झाला की गोतसभेत पिढ्यांचे पुरावे मांडले जात, प्रसंगी दिव्यही करावे लागे. आज वतन या शब्दाला केवळ लोभाचा वास येतो, तो पूर्णपणे न्याय्य नाही. कोणत्या शेताची हद्द कोठे, कोणत्या विहिरीवर कोणाची पाळी, कोणत्या दुष्काळात कोणाला किती सूट मिळाली, हे सारे ज्ञान कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि त्याहून अधिक त्याच्या स्मरणात असे. सत्ता उलथली तरी गाव टिकले, त्यात या घराण्यांचा वाटा मोठा होता. मात्र गावाला वाचवणारा वतनदार गावाचा धनीही होऊन बसला. नालायक मुलाला पद नाकारण्याची सोय कोणाजवळही नव्हती.

छत्रपती शिवाजी महाराजांनी नेमके हेच ओळखले होते. महाराजांच्या व्यवस्थेत किल्ला एकट्याच्या हाती नसे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्यात अधिकार वाटलेला असे, आणि हे तिघे शक्यतो वेगवेगळ्या जातींचे असत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे मावळातील किल्ले या शिस्तीत आले. वेतन रोख किंवा वरातेने मिळे. जहागीर तोडून देण्याकडे महाराजांचा कल नव्हता. गडावरील कामगार ठरावीक वर्षांनी बदलावेत, हा विचार पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आला. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांची पदे ठरली, तीही वंशपरंपरेची नव्हेत. तरी समाजाची सवय जबर असते. पेशवे मोरोपंत पिंगळे १६८० साली निवर्तले आणि पद त्यांच्या पुत्राकडे, निळोपंतांकडे गेले. पुढे मोगलांशी झुंजताना राजाराम महाराजांना वतनांचे आमिष दाखवूनच माणसे राखावी लागली. ती काळाची निकड होती. पण महाराजांनी बांधलेला बांध तेथे फुटला तो फुटलाच.

त्याचा परिणाम पाहण्यासाठी मावळाबाहेर जाण्याचे कारण नाही. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिले, ते गुजरात-खानदेशातील पराक्रम पाहून. १७२९ साली खंडेराव वारले आणि पद त्यांचे पुत्र त्र्यंबकराव यांच्याकडे आले. १७३१ च्या एप्रिलमध्ये डभोईच्या रणात बाजीराव पेशव्यांशी लढताना त्र्यंबकराव पडले. मग सेनापतिपद धाकट्या भावाला, यशवंतरावांना मिळाले. ते अल्पवयीन होते. प्रत्यक्ष कारभार पाहिला तो मातोश्री उमाबाईंनी. १७३२ साली अहमदाबादच्या मोहिमेवर जाणारी ही बाई कोणत्याही सेनापतीपेक्षा उणी नव्हती. परंतु तिची योग्यता पुढे आली ती केवळ योगायोगाने. पदाची वस्त्रे मुलाच्याच अंगावर होती. पुढील काळात दाभाड्यांचे सेनापतिपद नावापुरते उरले आणि त्यांचे मुतालिक गायकवाड बडोद्याचे अधिपती झाले.

पेशवाईची वाटही याहून वेगळी नव्हती. श्रीवर्धनहून आलेले बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले ते बुद्धी आणि निष्ठा यांच्या बळावर. १७२० साली, अनेकांचा विरोध असताना, विशीही न गाठलेल्या बाजीरावांना शाहूंनी वस्त्रे दिली. ती निवड खरी ठरली, आणि बहुधा म्हणूनच घातक ठरली. कारण त्यानंतर पर्याय शोधण्याची आवश्यकताच कोणाला वाटली नाही. १७७४ साली सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांचे वय चाळीस दिवसांचे होते.

इंग्रजांनी १८१८ नंतर गावचे पाटील-कुलकर्णी तसेच ठेवले. त्यांच्या स्वतःच्या घरातही फार निराळे चालत नव्हते. कंपनीच्या संचालकाने चिठ्ठी दिली की त्याचा पुतण्या हिंदुस्थानात अधिकारी होई. १८५३ च्या सनदी कायद्याने ही वशिल्याची रीत मोडली आणि १८५५ साली लंडनला पहिली स्पर्धा परीक्षा झाली. चीनमध्ये मात्र परीक्षेने अधिकारी निवडण्याची प्रथा त्यापूर्वी हजारावर वर्षे रूढ होती. लंडनची परीक्षा कागदावर सर्वांना खुली होती. पण समुद्र ओलांडून जाण्याचा खर्च कोणाला परवडणार? १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, हे पहिले हिंदी नाव. त्यांची नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात झाली. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू होण्यास १९२२ साल उजाडावे लागले.

परीक्षा खुली असली तरी तिच्या दारापर्यंत पोहोचण्याची शक्ती सर्वांना सारखी नसते. हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले आणि २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानातील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले.

वतनाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे सुस्थितीतील समाजाचे लक्ष सहसा जात नाही. पाटलाचे वतन हा मान होता. महाराचे वतन ही बेडी होती. तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात साऱ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करावी, असा तो करार होता आणि त्यावर चाकरी करणाऱ्याची संमती कोणीच घेतलेली नव्हती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ती वतने कायद्याने संपण्यास १९५८ साल यावे लागले. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५१ साली गेली होती. मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपली. आज पोलीस पाटील व्हायचे तर लेखी परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते.

आता थोडे आपल्या घरात डोकवावे. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर संघाची धुरा ज्येष्ठ शिष्य गौतमस्वामींकडे गेली नाही, कारण त्याच रात्री त्यांना केवलज्ञान झाले. ती सुधर्मास्वामींकडे गेली. दिगंबर परंपरेत गौतमस्वामी प्रथम येतात आणि मग सुधर्मास्वामी. क्रमाविषयी मतभेद आहे. मात्र पुत्र, पुतण्या वा भाचा यांचा विचार दोन्हींकडे नाही. सुधर्मास्वामींचे उत्तराधिकारी जंबूस्वामी हे राजगृहातील श्रेष्ठिपुत्र. नाते केवळ गुरुशिष्याचे. आजही मूर्तिपूजक संघात गणिपद मिळण्यापूर्वी भगवतीसूत्राचे योगोद्वहन करावे लागते. पर्युषणात स्वप्नांचे चढावे होतात, तेथे द्रव्याने लाभ मिळतो. पण तो लाभ त्या दिवसापुरता असतो आणि द्रव्य देवाचे होते.

साधूंच्या पदांची ही रीत आहे. श्रावकांच्या पेढीचे काय? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब तपासनीस आणले, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवण्याचे बंधन घातले. मात्र विश्वस्त कसा निवडावा हे बहुतांशी त्या-त्या संस्थेच्या घटनेवर सोपवले. पुष्कळ ठिकाणी ज्यांनी जमीन दिली, शिखर बांधले, त्यांच्याच घरात खुर्ची राहते. दात्याच्या कुटुंबाचा जिव्हाळा खरा असतो, हे नाकारता येत नाही. कित्येक देरासरे त्या जिव्हाळ्यावरच उभी आहेत. तथापि, आजोबांनी दिले ते देवाला दिले, नातवाच्या खुर्चीसाठी नव्हे, हे म्हणण्याचे धैर्य सभेत सहसा कोणी दाखवत नाही. तरुण, शिकलेल्या, हिशेबात पारंगत अशा सुनांचे नाव तर यादीपर्यंतही येत नाही. उमाबाईंच्या तालुक्यात तरी हे शोभत नाही.

तमिळ देशातील उत्तरमेरूर गावात दहाव्या शतकातील एक शिलालेख आहे. ग्रामसभेच्या समित्यांवर माणसे कशी घ्यावीत याचे नियम त्यात कोरले आहेत. वय पस्तिसाच्या पुढे आणि सत्तरीच्या आत असावे. गेल्या तीन वर्षांत जो समितीवर होता, तो पुन्हा नको. ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही, तो नको आणि त्याचे नातलगही नकोत. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून घड्यात टाकीत, आणि भरसभेत, आत काय लिहिले आहे हे न समजणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून त्यातील पान काढवीत.