गच्चीवरील भरती-ओहोटी



छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांना पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधलेल्या नहरीने केवळ उताराच्या बळावर या नगरीत पाणी खेळविले. पुढे पैठणच्या नाथसागराचे पाणी पंपांनी चढवून आणावे लागले. आणि अलीकडच्या वर्षांत अनेक वस्त्यांत नळाला काही दिवसांआडच पाणी आले आहे. अशा ठिकाणी गच्चीवर गाजर-मुळा पिकविण्याची गोष्ट प्रथमदर्शनी विनोदाची वाटेल. परंतु तेच पाणी पुनःपुन्हा वापरणारी एक पद्धत आहे.

मातीविना शेती भारताला नवी नाही. शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये कालिंपोंग येथे तिचे प्रयोग आरंभिले. तिचाच एक प्रकार म्हणजे भरती-ओहोटी पद्धत. खालच्या टाकीतील पोषकद्रव्ययुक्त पाणी टायमरवरील लहान पंप वरच्या वाफ्यात चढवितो. वाफा भरून पंप थांबला की तेच पाणी त्याच नळीने टाकीत परतते. पाणी ओसरताना ताजी हवा मुळांपर्यंत ओढली जाते. पद्धतीचे मर्म येथेच आहे. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. आणि कंदमुळांत तर खावयाचा भागच पाण्याच्या वाटेत असतो. पाणी साचले की तो कुजतो.

म्हणून काही पथ्ये अटळ आहेत. मुळा-बिटाला सुमारे २० सेंमी, तर लांब गाजराला ३० सेंमी खोल वाफा हवा. भरतीचे पाणी पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंमीवर थांबेल, अशा उंचीवर ओव्हरफ्लोची नळी बसवावी. खडीत गाजर वाकडे होते, त्याला फाटे फुटतात. कोकोपीट व परलाइटचे मिश्रण मऊ आणि हलकेही असते. वजनाचा विचार येथे गौण नाही. १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद व ३० सेंमी खोल वाफ्यात ओली वाळू भरल्यास भार ३०० किलोच्या घरात जातो. गच्चीवर काही ठेवण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

गाजराचे रोप स्थलांतरित करू नये. बी जागीच पेरून उगवेपर्यंत वरून हाताने पाणी शिंपडावे. द्रावणाचा सामू ५.८ ते ६.५ राखावा. नत्र अधिक झाल्यास पाला माजतो, कंद भरत नाही. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास आधी तपासून घ्यावे.

मराठवाड्याचा उन्हाळा हा खरा शत्रू होय. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. टाकी सावलीत झाकून ठेवावी आणि पेरणी दिवाळीनंतर करावी.

या वाफ्याने घराची सारी भाजी भागणार नाही, आणि वीज गेली की पंपही थांबेल. परंतु टाकीतून किती पाणी खरोखर खर्ची पडले, हे ज्या घरातील मुले रोज पट्टीने मोजतील, त्या घरात नळ उघडा राहणार नाही. निरुपयोगी झालेले द्रावणही गटारात न सोडता अंगणातील झाडाला द्यावे. एका वाफ्यापासून आरंभ करावा. पहिला मुळा महिना-दीड महिन्यात हाती येतो.